किती दिवस लागतील?

आमच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळापुढे सध्या एक कागद आहे. जुना हिशेबाचा प्रोग्रॅम काढून नवा बसवून देण्याचे दरपत्रक. एकच पान. मुदत तीन महिने, रक्कम सव्वासहा लाख रुपये, अधिक कर. खाली गोल शिक्का आणि सही. बाकीच्या दोन दरपत्रकांत रक्कम थोडी इकडेतिकडे आहे, मुदत मात्र तीच, तीन महिने. तिघांना वेगवेगळे विचारूनही उत्तर एकच आले याचे मंडळातल्या काहींना समाधान वाटले. मला शंका आली. शेजारशेजारच्या तीन बाकांवरच्या मुलांचे उत्तर एकसारखे आले आणि रीत मात्र कोणीच लिहिली नसली, की मास्तर काय समजतो ते तुम्हाला ठाऊकच आहे!

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. कॉम्प्युटरशी माझा संबंध हा ब्लॉग टंकण्यापुरता. तेव्हा कोणता प्रोग्रॅम चांगला आणि कोणता वाईट यावर मी बोलणार नाही. पण एखादे मोठे काम किती दिवसांत होईल आणि त्याला किती पैसे लागतील याचा अंदाज बांधणे ही काही केवळ संगणकाची विद्या नव्हे. ती गवंड्याकडे असते, लग्नातल्या आचाऱ्याकडे असते, आणि परीक्षेच्या दिवसांत शिक्षकाकडेही असते. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. जुने सॉफ्टवेअर बदलायच्या कामात पूर्ण रकमेचे आणि पूर्ण मुदतीचे दरपत्रक पहिल्याच दिवशी मागणे हेच चुकते. आधी थोडे काम विकत घ्यावे, ते मोजावे आणि मग मुदत विचारावी.

बदल हवा की नको हा वाद आता राहिलेला नाही. आमचा प्रोग्रॅम फॉक्सप्रोमधला, डॉसच्या काळातला. निळा पडदा, पांढरी अक्षरे, माऊसचा उपयोग शून्य. फॉक्सप्रोची नवी आवृत्ती काढणार नाही असे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये जाहीर केले आणि २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही काढून घेतला. आजच्या ६४-बिट विंडोजवर असे जुने १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत, म्हणून एक म्हातारा कॉम्प्युटर आम्ही देवघरातल्या समईसारखा जपून ठेवला आहे. त्याला सुटे भाग मिळायचे तर लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालाच्या ढिगात हात घालावा लागतो. उद्या तो बसला तर पाच हजारांवर खातेदारांचा हिशेब पेनड्राइव्हवरच्या बॅकअपमध्ये अडकेल, आणि तो बॅकअप उघडायला दुसरे यंत्र नाही. आमचे तरुण संचालक म्हणतात, ‘सर, लोकांना मोबाईलवर शिल्लक दिसायला हवी.’ अगदी बरोबर आहे. पासबुक भरून घ्यायला आगाशीहून किंवा निर्मळहून रिक्षाने येणाऱ्या माणसाने का म्हणून यावे?

प्रश्न आहे तो तीन महिन्यांचा.

पेपर तपासणीचा माझा एक जुना नियम होता. दीडशे पेपरांचा गठ्ठा आला की मी कधीच ‘चार दिवसांत देतो’ असे मुख्याध्यापकांना सांगत नसे. पहिले दहा पेपर तपासायचे, घड्याळ लावून. तेही वरचे दहा नाहीत, गठ्ठ्यात मधून मधून काढलेले. कारण वरचे पेपर बहुधा लवकर लिहून उठलेल्यांचे, म्हणजे फार हुशार नाहीतर पार कोरे. त्या दहांना लागलेल्या वेळावरून पुढचा हिशेब. नियम साधाच आहे, पण तो मोजलेल्या कामावर उभा आहे, कुणाच्या आत्मविश्वासावर नाही.

तोच नियम मी पतसंस्थेत लावून पाहिला. अध्यक्षांची परवानगी घेऊन आमच्या ज्येष्ठ लिपिकांच्या शेजारी बसलो आणि खतावणीतून मधून मधून शंभर खाती काढली. नव्या प्रोग्रॅममध्ये खाते उघडताना जी माहिती भरावीच लागते, ती प्रत्येक खात्याला पूर्ण आणि बिनचूक आहे का, एवढेच पाहायचे. शंभरांतली एक्क्याण्णव सरळ निघाली. नऊ अडली. अडलेल्या नऊंचा गुंता सोडवायला, म्हणजे जुनी रजिस्टरे काढणे, सभासदाला फोन करणे, व्हाउचर शोधणे, यात खात्यामागे सरासरी पस्तीस मिनिटे गेली. आता गुणाकार करा. आमची खाती ५२००. शंभरात नऊ या प्रमाणाने ४६८ खाती अडणार. प्रत्येकी पस्तीस मिनिटे म्हणजे २७३ तास. काउंटर बंद झाल्यावर लिपिकांना दिवसाला दोन तास मिळतात. म्हणजे साडेछत्तीस आणि शंभर दिवस. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले तर जवळजवळ साडेपाच महिने. हे नवा प्रोग्रॅम सुरू होण्याच्या आधीचे काम, आणि ते दरपत्रकात कुठेच नाही, कारण ते त्यांचे काम नाही, आमचे आहे! तीन महिने हे त्यांचे. साडेपाच महिने आमचे. आणि सभासदाला सांगताना आपण सांगणार, तीन महिने.

अडलेली नऊ खाती कोणती होती हे सांगण्यासारखे आहे, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

दोन खाती ‘अज्ञान’ म्हणून उघडलेली. पालनकर्ता वडील. त्यातल्या एका अज्ञान बालकाला आता स्वतःची दोन मुले आहेत आणि वडील वारले आहेत. जुना प्रोग्रॅम काही विचारत नव्हता, त्यामुळे तीस वर्षे सुखाने चालले. नवा प्रोग्रॅम जन्मतारीख पाहून ते खातेच उघडू देत नाही.

एक अडचण आडनावाची. आमच्या वसईत एकाच घरातला थोरला भाऊ ‘लोपीस’ आणि धाकटा ‘लोपेस’ असू शकतो. घोन्साल्विस तर मी पाच तऱ्हांनी लिहिलेले पाहिले आहे. जुन्या प्रोग्रॅममध्ये नावे इंग्रजीत आहेत, सभासदांची यादी मात्र पुढे कधीतरी वेगळी, जुन्या मराठी फॉन्टात टंकली गेली. पॅन कार्डावर तिसरेच स्पेलिंग. तिन्ही एकाच माणसाचे आहेत हे लिपिकांना दिसते, कारण तो माणूस त्यांच्या आळीत राहतो. यंत्राला कसे दिसणार?

त्या मराठी फॉन्टाचे वेगळेच. ज्यांनी त्या काळात टंकन केले आहे त्यांना आठवत असेल, जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, कारण ती कागदावर आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. नुसते अक्षराला अक्षर बदलले तर वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात. अर्धा र आणि रफार यांची तर दैनाच. हे रूपांतर करणारी साधने आहेत, नाही असे नाही, पण त्यांतून बाहेर पडलेली यादी कुणीतरी एकेक नाव वाचून तपासावीच लागते. माझ्यासारखा रिकामा मास्तर ते फुकट करील. दरपत्रकात फुकट मास्तर धरलेला नाही!

आणि मग १ जून. महाराष्ट्रात एका पिढीतल्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो की काय असे वाटते. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईला तिथी आठवायची पण तारीख नाही, म्हणून त्या काळचे गुरुजी दाखल्यात १ जून लिहून मोकळे व्हायचे. आता नवा प्रोग्रॅम नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळली की ‘हा एकच माणूस आहे, दोन खाती एकत्र करू का?’ असे विचारतो. आमच्याकडे एकाच नावाचे, एकाच गावचे, १ जूनलाच जन्मलेले दोन पाटील आहेत. एकाची मुदत ठेव आहे, दुसऱ्याचे कर्ज थकले आहे. घाईत कुणी ‘हो’ दाबले तर काय होईल याची कल्पना करा.

पत्त्यांचे म्हणाल तर २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, पण आमच्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक सभासद अजून ‘जि. ठाणे’ मध्येच राहतात. हे सोपे आहे, एका झटक्यात बदलता येते. पण कुणीतरी लक्षात ठेवून सांगावे लागते.

याहून अवघड गोष्ट व्याजाची. आमचा जुना प्रोग्रॅम प्रत्येक महिना तीस दिवसांचा धरतो. नवा प्रोग्रॅम प्रत्यक्ष दिवस मोजतो. एक लाखाच्या ठेवीवर नऊ टक्क्यांनी महिन्याचे व्याज जुन्या हिशेबाने ७५० रुपये, मग महिना कुठलाही असो. नव्या हिशेबाने ३१ दिवसांच्या महिन्यात ७६४ रुपये ३८ पैसे आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ६९० रुपये ४१ पैसे. वर्षाची बेरीज सारखीच. पण दरमहा व्याजावर औषधे आणणाऱ्या बाईला फेब्रुवारीत साठ रुपये कमी मिळाले की ती वर्षाची बेरीज ऐकून घेणार नाही. ‘नव्या मशीनने माझे पैसे खाल्ले’ असेच ती म्हणणार. मग जुन्या ठेवींना जुनाच हिशेब ठेवायचा का? मुदत संपेपर्यंत? तसे नव्या प्रोग्रॅमला शिकवायचे तर त्याचे पैसे वेगळे. हा निर्णय प्रोग्रॅम करणाऱ्या मुलाचा नाही, संचालक मंडळाचा आहे, आणि आमचे मंडळ महिन्यातून एकदा बसते. असे आठ-दहा प्रश्न निघाले की नुसत्या ‘पुढच्या सभेत पाहू’ मध्येच तीन महिने सहज जातात. कुठल्याही दरपत्रकात सभेची तारीख धरलेली मी पाहिली नाही.

मंडळी, हे आमच्या एवढ्याशा संस्थेचे झाले. महाराष्ट्रात याहून कितीतरी मोठे जुने दप्तर नव्या यंत्रावर नेण्याचे काम आपल्या डोळ्यांदेखत झाले आहे. ते म्हणजे सातबारा.

राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे. हाताने लिहिलेले, पिढ्यान्‌पिढ्यांचे, वेगवेगळ्या तलाठ्यांच्या अक्षरांतले. आपल्या कोकणपट्टीत तर एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस हिस्सेदार, आणि कित्येकांचे हिस्से आणे-पैमध्ये. एक आणा चार पै म्हणजे किती? रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, रुपयाच्या १९२ पै. त्यातल्या सोळा पै म्हणजे बारावा हिस्सा. आम्ही हे तोंडी करायचो, पण आज टंकणाऱ्या मुलाने आणेवारी कुठे पाहिली असणार? एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करताना चुका, खातेदाराच्या नावात चुका, कूळ उडालेले, बोजा राहून गेलेला. नुसते टंकून संपले असते तर काम सोपे होते. पण टंकल्यानंतर हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा तंतोतंत जुळतो का हे पाहण्यासाठी आधी ‘एडिट मॉड्यूल’ आले. त्यातूनही चुका राहिल्या, म्हणून ‘री-एडिट’ आले. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले, म्हणजे सातबारा लोकांना वाचून दाखवायचा आणि चूक असेल तर त्यांनीच सांगायची. त्यानंतर २०१८ च्या १ मे रोजी डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. आणि तरीही राहिलेल्या चुकांसाठी जमीन महसूल संहितेचे कलम १५५ आहेच, लेखनप्रमाद दुरुस्तीचे. तहसील कचेरीत त्या अर्जांच्या फेऱ्या मारणारे तुमच्याही ओळखीत असतील.

या कामाला फार नावे ठेवली गेली. सर्व्हर चालत नाही म्हणून तलाठी रात्री जागले, लोक रांगांत उभे राहिले, हे खरेच आहे. पण मला त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते, आणि ती म्हणजे चावडी वाचन. ज्याची जमीन त्यालाच वाचून दाखवा! दप्तर बरोबर आहे की नाही हे शेवटी ज्याचे दप्तर तोच सांगू शकतो. आणि ही गोष्ट करायची तर वेळ लागतो. तो वेळ ‘उशीर’ नव्हे, तो कामाचाच भाग. आमच्या पतसंस्थेत प्रत्येक खातेदाराला त्याच्या नव्या नोंदीचा छापील उतारा देऊन सही घ्यावी, असे मी सुचवले तेव्हा एक संचालक म्हणाले, ‘सर, त्यात महिना जाईल.’ जाईलच. तो आताच मोजू या, एवढेच माझे म्हणणे.

जुने आणि नवे काही काळ शेजारी शेजारी चालवावे लागते, हेही आपण वसई-विरारकरांना कुणी शिकवायला नको. आपली लोकल कितीतरी वर्षे १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर धावली आणि विरारच्या पलीकडे मेन लाइनला २५,००० व्होल्टची एसी वीज होती. पश्चिम रेल्वेचा चर्चगेट-विरार उपनगरी मार्ग पूर्णपणे एसीवर आला तो २०१२ च्या फेब्रुवारीत. पण एका रविवारी बटण दाबले आणि झाले, असे ते नव्हते. आधी दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणाव्या लागल्या, टप्प्याटप्प्याने मार्ग बदलावा लागला, आणि हे सगळे गाड्या चालू ठेवून. दोन्हींवर चालणारी गाडी साध्या गाडीपेक्षा महाग पडणारच. तो बदलाचा खर्च. वायरी आणि खांबांच्या यादीत तो शोधून सापडत नाही, पण त्याच्याशिवाय गाडी विरारहून सुटत नाही.

माझ्या लहानपणी, १९५७ च्या एप्रिलमध्ये, नवे पैसे आले तेव्हाही तेच झाले. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. दुकानदाराला तोंडी हिशेब जमेना आणि अर्धा पैसा कोणी सोडायचा यावरून भांडणे. जुनी आणि नवी नाणी बरीच वर्षे गल्ल्यात एकत्र होती. ‘नया’ हा शब्द पैशावरून गेला तोच १९६४ मध्ये. सात वर्षे! आणि आम्ही तीन महिन्यांत व्याजाचा हिशेब बदलणार.

असो. उलट उदाहरणही आपल्या जवळचेच आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये सर्व परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. कल्पना वाईट नव्हती. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, नाव दिसत नाही, बेरजेची चूक नाही, गठ्ठे वाहून न्यायला नकोत. पण निर्णय परीक्षांच्या तोंडावर झाला, आणि उत्तरपत्रिका सतरा लाखांवर. कायद्याने निकाल ४५ दिवसांत लागायला हवेत, म्हणजे शेवटची तारीख आधीच ठरलेली. स्कॅनिंग, बारकोड, प्राध्यापकांचे प्रशिक्षण, कॉलेजांतले इंटरनेट हे सगळे त्या तारखेच्या आत मावेल असे गृहीत धरले गेले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, जुलैत काही दिवस तास बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवले, तरी मुदत हुकली. शेवटचे निकाल सप्टेंबरात लागले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावे लागले. आपल्या इथल्या कॉलेजांतली मुलेही त्याच विद्यापीठाची. पुढच्या प्रवेशासाठी ताटकळलेल्या मुलाला ‘पद्धत चांगली होती’ हे सांगून काय उपयोग? एखाद्या शाखेच्या एका परीक्षेवर, शंभर-दोनशे उत्तरपत्रिकांवर घड्याळ लावून हे आधी करून पाहिले असते, तर जुलै काय आणि सप्टेंबर काय, हे एप्रिलातच कागदावर दिसले असते.

साहेबाच्या देशातही काही वेगळे घडत नाही. इंग्लंडमधल्या टीएसबी या बँकेने २०१८ च्या एप्रिलमध्ये एका शनिवार-रविवारात सगळी खाती जुन्या यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर नेली. सोमवारी एकोणीस लाख खातेदारांना आपले पैसे दिसेनात. निस्तरायला ते वर्ष उलटले, ३३ कोटी पौंड गेले, आणि २०२२ मध्ये वर आणखी पावणेपाच कोटी पौंडांहून अधिक दंड. चौकशीत जे निघाले ते वाचून मला हसू आले. आधी शेवटची तारीख ठरवली होती, मग तिथून मागे मागे येत कामे बसवली होती. आपल्याकडे अभ्यासक्रम संपवताना हे फेब्रुवारीत दरवर्षी होते!

खर्चाचे म्हणाल तर केंद्र सरकारने २०२२ च्या जूनमध्ये गावोगावच्या प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे आपल्या विविध कार्यकारी सोसायट्या, संगणकावर आणायची योजना मंजूर केली. ६३,००० संस्था, २,५१६ कोटी रुपये, पाच वर्षे. संस्थेमागे चार लाखांना थोडे कमी. पुढे आकडा सुधारला: ६७,९३० संस्था आणि २,९२५ कोटी ३९ लाख. भागाकार केला तर संस्थेमागे चार लाख एकतीस हजारांच्या आसपास. म्हणजे संस्था वाढल्या म्हणून एकूण खर्च वाढला हे ठीक, पण एका संस्थेचा खर्चही वाढला. मी याला गैरव्यवहार म्हणणार नाही. सरकारने आकडा सुधारून उघडपणे मांडला हे मला उलट बरे वाटते. सरकारला अंदाज सुधारता येतो, तर आमच्या दरपत्रकात ‘एकरकमी, अंतिम’ असे ठळक अक्षरांत का लिहायचे?

त्याचे कारण त्या कंपनीच्या मुलानेच मला सांगितले. सज्जन मुलगा आहे, नालासोपाऱ्याचा. चहा पिताना मी त्याला विचारले, ‘बाळा, खरे सांग, किती दिवस लागतील?’ तो म्हणाला, ‘सर, मी नऊ महिने लिहिले तर तुम्ही तीनवाल्याला काम द्याल. मग सहा महिने झाल्यावर त्यालाही तुम्ही काढू शकणार नाही, कारण तुमचा डेटा अर्धा इकडे, अर्धा तिकडे असेल.’ मला त्याचा राग आला नाही. खोटे तो बोलत नाही, आम्ही त्याच्याकडून बोलवून घेतो. सर्वांत कमी दराचेच दरपत्रक घ्यायचे आणि नंतर लेखापरीक्षकाने विचारले तर कागद दाखवायचा, या सवयीतून हे आले आहे. सहकारात ही सवय प्रामाणिकपणाची म्हणून रुजली हेही मान्य. पण रंग लावायच्या कामाला ती लागू पडते, कारण भिंत सगळ्यांना दिसते. जुन्या खतावणीत काय दडले आहे हे दर देणाऱ्यालाही दिसत नाही आणि आपल्यालाही नाही.

दरपत्रकात नसलेल्या खर्चांची मी मोजदाद केली. दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवायचे किमान तीन महिने, म्हणजे प्रत्येक व्हाउचर दोनदा भरायचे आणि रोज संध्याकाळी दोन्ही तेरजा पैशापर्यंत जुळवायच्या. त्याचा जादा कामाचा भत्ता. नवी पासबुके. पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटांची नवी यंत्रे, त्यांना शिकवणे. जुना कॉम्प्युटर निदान काही वर्षे चालू स्थितीत ठेवणे, कारण कलम १०१ खालच्या वसुली प्रकरणात जुना उतारा मागितला तर तो कुठून काढणार? आणि सर्वांत महत्त्वाचे, आमचे ज्येष्ठ लिपिक डिसेंबरात निवृत्त होतात. कोणत्या कर्जाला २००५ च्या पुरानंतर हप्ते पुढे ढकलले होते, कोणत्या ठेवीवर तारण आहे पण प्रोग्रॅममध्ये नाही, हे सगळे त्यांच्या डोक्यात आहे. त्यांना निवृत्तीनंतर निदान वर्षभर मानधनावर बोलवावे लागेल. हे सगळे धरून माझ्या वहीतला आकडा साडेदहा ते तेरा लाखांच्या मध्ये येतो, आणि मुदत दहा ते चौदा महिने. एकच आकडा सांगा असा आग्रह मला झाला. मी दिला नाही. पाऊस येईल का विचारल्यावर शेतकरी तारीख सांगत नाही.

तेव्हा येत्या सभेत मी मांडणार आहे तो ठराव असा. काम एकदम द्यायचे नाही. आधी एका महिन्याचे नमुना काम, त्याचे वेगळे पैसे, चाळीस हजारांपर्यंत. खाती दोनशे, आणि ती आम्ही निवडणार, कंपनी नाही. त्यांत अज्ञान, संयुक्त, मयत सभासद, थकीत कर्ज, पिग्मी, सगळे प्रकार हवेत. ती नव्या प्रोग्रॅममध्ये नेऊन शिल्लक आणि व्याज जुळवायचे, किती अडली आणि प्रत्येकी किती वेळ लागला ते लिहायचे. त्यानंतर मुदत आणि रक्कम विचारायची, तीही ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशी. बदलाची तारीख मार्चअखेरीच्या किंवा वार्षिक सभेच्या आसपास येऊ द्यायची नाही. आणि तारीख आली तरी तेरीज जुळत नसेल तर ‘आज नाही’ म्हणायचा अधिकार एका माणसाकडे लेखी द्यायचा. तो माणूस अध्यक्ष नसावा, कारण अध्यक्षांनी तारीख आधीच सगळ्यांना सांगितलेली असते.

याला विरोध आहे. कोशाध्यक्षांचे म्हणणे, चाळीस हजार देऊन आपण नुसता कागद विकत घेणार. दुसरे म्हणतात, तोपर्यंत म्हातारा कॉम्प्युटर बसला तर? या दुसऱ्या आक्षेपात दम आहे. म्हणून नमुना काम एकच महिना, वाढवून मिळणार नाही, आणि त्या महिन्यात त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या एका जुन्या यंत्रावर उतरवून ठेवायची, हे मी ठरावात घातले आहे. पहिल्या आक्षेपाला माझे उत्तर असे की, घर घेताना वकिलाला पैसे देऊन आपण शोध अहवालाचा कागदच विकत घेतो, आणि वसईत तो न घेता फ्लॅट घेणाऱ्यांचे काय झाले हे आपण पाहिले आहे.

ठराव पास होईल का? मते मोजली तर पाच आणि चार, कुठल्या बाजूला ते सभेतच कळेल. वाचकांपैकी कुणाच्या पतपेढीत, सोसायटीत, बँकेत किंवा दवाखान्यात असा जुना प्रोग्रॅम बदलला गेला असेल, तर मुदत किती सांगितली होती आणि प्रत्यक्षात किती दिवस लागले, हे दोन आकडे मला जरूर कळवा. सभा पंधरा दिवसांवर आहे.